‘१०० टक्के रंग’ म्हणजे नेमके कशाचे १०० टक्के?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की मॉनिटर, लॅपटॉप आणि टीव्हीच्या जाहिरातींनी पाने भरतात. प्रत्येक चित्राखाली आकडा असतो: ‘१०० टक्के एसआरजीबी’, ‘७२ टक्के एनटीएससी’, ‘९५ टक्के डीसीआय-पी३’, ‘१२५ टक्के कलर’, ‘१०७ कोटी रंग’. गिऱ्हाईक साहजिकच मोठा आकडा बघून पैसे मोजते. आम्ही छपाईपूर्व काम, समारंभांचे छायाचित्रण आणि व्हिडिओ संकलन करणारी माणसे आहोत. या आकड्यांपैकी निम्मे एकमेकांशी ताडूनच बघता येत नाहीत, आणि चुकीच्या कामासाठी घेतलेली महागडी ‘वाइड गॅमट’ (नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारी) स्क्रीन साध्या स्क्रीनपेक्षा जास्त नुकसान करते. हे कुठेतरी नीट छापून यावे म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण घाईत सांगण्यासारखा हा विषय नाही.

टक्का कशाचा, हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. डोळ्याला दिसणारे सगळे रंग सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ साली एका आलेखावर मांडले. कुठल्याही स्क्रीनचा लाल, हिरवा आणि निळा या आलेखावर तीन बिंदूंत पडतो. ते जोडले की त्रिकोण होतो. त्रिकोणाच्या आतला रंग ती स्क्रीन दाखवू शकते, बाहेरचा नाही. हा त्रिकोण म्हणजेच कलर गॅमट. सगळ्यांनी एकच भाषा बोलावी म्हणून काही त्रिकोण ठरवून दिलेले आहेत, आणि जाहिरातीतला टक्का त्यांपैकी कुठल्यातरी एकाचा असतो.

एसआरजीबी हा एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला त्रिकोण. संकेतस्थळे, कार्यालयीन कामे, फोटो लॅबला जाणाऱ्या बहुतेक फाइली आजही यातच असतात. एचडी टीव्हीच्या रेक ७०९ मानकाचे लाल-हिरवे-निळे बिंदूही हेच. एनटीएससी हा १९५३ चा अमेरिकन रंगीत टीव्हीचा त्रिकोण. त्यात आज कोणी काहीच बनवत नाही, तरी पॅनेल (स्क्रीनचा चित्र दाखवणारा भाग) बनवणाऱ्यांच्या कागदांवर तो अजून जिवंत आहे. एसआरजीबीचे क्षेत्रफळ एनटीएससीच्या जवळपास ७१ टक्के भरते, म्हणून बाजारात ‘७२ टक्के एनटीएससी’ म्हटले की ‘म्हणजे पूर्ण एसआरजीबी’ असे समजायची रीत पडली. स्वस्त लॅपटॉपवर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेले असते. हिशेब केला तर ते एसआरजीबीच्या क्षेत्रफळाचे ६३-६४ टक्केच होते. अशा लॅपटॉपवर शेंदरी रंग विटकरी दिसतो आणि पिकल्या भाताचा पिवळा मळकट दिसतो. फोटो कितीही चांगला असला तरी.

आता दोन मोठे त्रिकोण. अडोबी आरजीबी १९९८ मध्ये आला, छपाईवाल्यांची गरज समोर ठेवून. डीसीआय-पी३ डिजिटल सिनेमाच्या प्रोजेक्टरसाठी ठरवला गेला. त्याचेच डेस्कटॉपसाठी जुळवून घेतलेले रूप म्हणजे डिस्प्ले पी३, जे अॅपलच्या संगणकांत २०१५ पासून आणि आयफोनच्या कॅमेऱ्यात २०१६ च्या आयफोन ७ पासून आहे. १९३१ च्या आलेखावर अडोबी आरजीबी एसआरजीबीपेक्षा सुमारे ३५ टक्के मोठा आणि पी३ सुमारे ३६ टक्के मोठा. आकडे जवळजवळ सारखे, पण वाढलेली जागा वेगवेगळी. अडोबी आरजीबीचा लाल आणि निळा बिंदू एसआरजीबीचाच आहे. सगळी वाढ हिरव्या आणि हिरवट-निळ्या बाजूला आहे. पी३ ची वाढ लाल, नारिंगी आणि हिरव्या बाजूला आहे.

गोव्याच्याच रंगांवरून बघा. चवथीत गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीला बांधलेली पिवळी-केशरी कांगलां, झेंडूचे गडद नारिंगी तुरे, शिगम्यातला गुलाल, अबोलीचे वळेसर या सगळ्यांचा भडकपणा ज्या दिशेने आहे तिकडे पी३ कामाला येतो. भर दुपारच्या उथळ समुद्राचा हिरवा-निळा, आणि छपाईच्या शाईतला शुद्ध सायन (हिरवट-निळा), हे अडोबी आरजीबीच्या बाजूला पडतात. चांगल्या आर्ट पेपरवर ऑफसेटमध्ये छापलेला शंभर टक्के सायन एसआरजीबीच्या त्रिकोणाबाहेर जातो आणि अडोबी आरजीबीत मावतो. म्हणून ज्याच्या कामाचा शेवट कागदावर होतो त्याने ‘९८ टक्के पी३’ पाहून खूश होऊ नये. अशा पॅनेलचे अडोबी आरजीबी कव्हरेज बहुधा ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपासच असते. उलट ज्याचे व्हिडिओ मोबाइलवर आणि टीव्हीवर बघितले जाणार, त्याला अडोबी आरजीबीचा काही उपयोग नाही.

टक्क्याबाबत आणखी दोन खोड्या आहेत. पहिली म्हणजे क्षेत्रफळ आणि कव्हरेज यांची सरमिसळ. ‘१२५ टक्के एसआरजीबी’ म्हणजे त्रिकोण एकूण सव्वापट मोठा. पण तो लाल बाजूला भरपूर पुढे आणि निळ्या बाजूला थोडा मागे असेल, तर १२५ टक्के असूनही एसआरजीबीचे काही निळे त्यात बसणार नाहीत. कव्हरेज म्हणजे ठरलेल्या त्रिकोणाचा किती भाग खरोखर झाकला गेला. ते शंभराच्या वर जाऊच शकत नाही. शंभराहून मोठा आकडा दिसला की तो क्षेत्रफळाचा आहे असे समजावे आणि कव्हरेज किती ते विचारावे. दुसरी खोडी आलेखाची. सीआयईने १९७६ मध्ये डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाशी जास्त जुळणारा सुधारित आलेख दिला. १९३१ च्या आलेखात हिरवा भाग फुगलेला आहे. त्यामुळे तोच पी३ जुन्या आलेखावर एसआरजीबीपेक्षा ३६ टक्के मोठा भरतो आणि नव्यावर सुमारे २६ टक्के. कंपनी कुठला आलेख धरते हे कागदावर क्वचितच लिहिलेले असते.

‘१०७ कोटी रंग’ हा आकडा तर गॅमटचा नाहीच. तो बिट डेप्थचा, म्हणजे रंगाच्या किती पायऱ्या दाखवता येतात त्याचा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाख. १० बिटमध्ये १०२४, म्हणजे १०७ कोटी. पणजी ते म्हापसा हे अंतर गॅमट आणि वाटेतले बसथांबे म्हणजे बिट. थांबे वाढवल्याने म्हापसा पुढे सरकत नाही. दोघांचा संबंध एवढाच की अंतर वाढले आणि थांबे तेवढेच राहिले तर दोन थांबे एकमेकांपासून लांब पडतात, आणि संध्याकाळच्या आभाळात गुळगुळीत उतरत जाणाऱ्या रंगाऐवजी पट्टे दिसू लागतात. म्हणून वाइड गॅमटबरोबर १० बिट बरे. बऱ्याच मॉनिटरांत खरे ८ बिट असून उरलेले दोन बिट पिक्सेल झपाझप बदलून भासवलेले असतात. त्याला ‘८ बिट अधिक एफआरसी’ म्हणतात. कामाला ते चालते. ‘१ कोटी ६२ लाख रंग’ असे लिहिले असेल तर पॅनेल ६ बिटचे आहे. ते फोटोच्या कामाला घेऊ नये.

तसेच ‘एचडीआर’ (उजेड आणि अंधार यांत जास्त फरक दाखवणारे चित्र) या शिक्क्याचे. व्हेसा या स्क्रीनची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या डिस्प्ले एचडीआर ४०० या मूळच्या पायरीसाठी पी३ ची अटच नव्हती; ती अट ५०० आणि ६०० पासून लागू होती. नुसते ‘एचडीआर सपोर्ट’ लिहिलेले असेल तर मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता ज्यामुळे प्रत्यक्षात कामे बिघडतात त्याकडे वळतो. वाइड गॅमट स्क्रीन घरी आली, जोडली, आणि पहिल्या मिनिटाला सगळे झकास दिसते. फोटोतले रंग उसळतात. ती उसळी म्हणजे चूक आहे. फाइलमध्ये लालचा आकडा असतो २५५, ०, ०. हा आकडा एसआरजीबीतला आहे. तोच आकडा जसाच्या तसा पी३ पॅनेलला दिला की पॅनेल स्वतःचा सर्वांत तीव्र लाल दाखवते, जो मूळ रंगापेक्षा बराच भडक असतो. एसआरजीबीचा तो लाल पी३ पॅनेलवर बरोबर दिसायचा असेल तर पॅनेलला २३४, ५१, ३५ हे आकडे जायला हवेत. शुद्ध हिरव्यासाठी ०, २५५, ० ऐवजी ११७, २५१, ७६. हे भाषांतर करणे म्हणजे कलर मॅनेजमेंट, आणि त्यासाठी दोन गोष्टी हाताशी लागतात: फाइलमध्ये तिच्या त्रिकोणाची ओळख सांगणारे प्रोफाइल, आणि संगणकात मॉनिटरचे आयसीसी प्रोफाइल (तो मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद). दोहोंपैकी एक नसले तरी आकडे बहुधा भाषांतराविना पुढे जातात.

लग्नाचा फोटो घ्या. नवरीचा लाल शालू, हातात हिरवा चुडा, कपाळावर हळदीचा पिवळा. प्रोफाइल न घातलेल्या वाइड गॅमट मॉनिटरवर चेहरा लालसर दिसतो, शालू डोळ्यात भरतो. संपादन करणारा सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) खाली ओढतो, त्वचेचा लाल कमी करतो, समाधान झाल्यावर फाइल लॅबला पाठवतो. लॅबचे यंत्र फाइल एसआरजीबी समजून इमानेइतबारे छापते. अल्बममध्ये शालू फिका आणि चेहरा पांढुरका. दोष लॅबला दिला जातो. ४५ टक्के एनटीएससीच्या लॅपटॉपवर नेमके उलटे होते: रंग फिके दिसतात म्हणून सॅच्युरेशन चढवले जाते, लाल आकडा २५५ ला जाऊन थडकतो, आणि छापून आल्यावर शालूच्या चुण्या, जरीचे काठ, सगळे एकाच लाल ठिपक्यात बुडते. पहिल्या बिघाडात रंग निदान परत चढवता येतो. दुसऱ्यात गेलेला तपशील मूळ फाइलशिवाय परत येत नाही.

विंडोजवर डेस्कटॉप आणि बरीच सॉफ्टवेअर आपणहून हे भाषांतर करत नाहीत. मॅकवर ते संपूर्ण प्रणालीत होते. विंडोजवाल्यांनी कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कलर मॅनेजमेंट’ उघडावे, ‘डिव्हायसेस’मध्ये आपला मॉनिटर निवडावा, ‘यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस’वर खूण करावी, ‘अॅड’ करून मॉनिटरचे प्रोफाइल घ्यावे आणि ‘सेट अॅज डिफॉल्ट’ दाबावे. दोन मॉनिटर असतील तर दोघांची प्रोफाइले वेगळी, आणि केबल अदलाबदल झाली की पुन्हा तपासायचे. विंडोज ११ मध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्लेखाली रंग आपोआप सांभाळण्याचे बटण काही यंत्रांवर दिसते. साधे काम करणाऱ्याला ते सोयीचे. फोटोशॉपसारख्या स्वतः प्रोफाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी मात्र ते बंद ठेवून स्वतःचे प्रोफाइल वापरावे. ते चालू असताना अशा सॉफ्टवेअरला मॉनिटर एसआरजीबीच असल्याचे कळवले जाते आणि वाइड गॅमटचे पैसे फुकट जातात. ब्राउझरांत क्रोम प्रोफाइल नसलेल्या चित्राला एसआरजीबी धरतो. फायरफॉक्स मूळ मांडणीत फक्त प्रोफाइल असलेल्या चित्रांचे भाषांतर करतो. त्याच्या ‘अबाउट कॉन्फिग’ पानावर कलर मॅनेजमेंटचा ‘मोड’ २ चा १ केला की सगळ्याचेच होते.

ज्याला हे काहीच करायचे नाही त्याच्यासाठी मॉनिटरच्या मेनूतला ‘एसआरजीबी मोड’ असतो. तो चालू केला की पॅनेल स्वतःला एसआरजीबीच्या त्रिकोणात आवळून घेते. पण घेण्याआधी एक गोष्ट जरूर बघावी. अनेक मॉनिटरांत हा मोड निवडला की ब्राइटनेसचे बटण गोठते, आणि ठरलेला उजेड रात्रीच्या खोलीत डोळ्यांवर येतो. असा मॉनिटर कामाचा नाही. ‘डीसीआय-पी३’ नावाच्या मोडमध्येही एक सापळा आहे. काही मॉनिटर त्यात सिनेमागृहाचा पांढरा आणि २.६ गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा) लावतात. तो पांढरा किंचित हिरवट-पिवळा असतो. अंधाऱ्या थिएटरात तो बरोबर, टेबलावर चूक. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरत असल्यामुळे इथे लघुपट करणारी तरुण मुले पुष्कळ आहेत, त्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. घरच्या मॉनिटरवर रेक ७०९ मध्ये रंगकाम करावे आणि थिएटरसाठी डीसीपी (थिएटरात चालणारी चित्रपटाची डिजिटल प्रत) बनवताना सॉफ्टवेअरला योग्य रूपांतर करू द्यावे. हिरवट पांढऱ्यावर डोळा बसवून केलेले रंगकाम यूट्यूबवर गुलाबी दिसते.

कॅमेऱ्याच्या मेनूतही एसआरजीबी की अडोबी आरजीबी असा पर्याय असतो. तो फक्त जेपेगला लागू होतो, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलला नाही. अडोबी आरजीबीत काढलेल्या फाइलचे नाव बहुतेक कॅमेऱ्यांत अंडरस्कोरने सुरू होते, त्यावरून ओळखू येते. प्रोफाइल न वाचणाऱ्या यंत्रावर ही फाइल मरगळलेली दिसते. जेपेग थेट गिऱ्हाइकाला किंवा लॅबला द्यायचे असेल तर कॅमेरा एसआरजीबीवरच ठेवावा. आयफोनच्या फोटोत डिस्प्ले पी३ चे प्रोफाइल असते. तो पत्रिकेत किंवा फलकावर वापरण्याआधी एसआरजीबीत ‘कन्व्हर्ट’ करावा. ‘असाइन’ करू नये. असाइन केल्याने आकडे तेच राहून अर्थ बदलतो, कन्व्हर्टने अर्थ तोच राहून आकडे बदलतात.

मोबाइलबद्दलही दोन शब्द. आजकाल पत्रिकेची किंवा जत्रेच्या फलकाची मंजुरी व्हॉट्सअॅपवर मिळते. सॅमसंगच्या फोनवर स्क्रीन मोड ‘व्हिविड’ असेल तर गिऱ्हाइकाने मंजूर केलेला नारिंगी कुठल्याच कागदावर येणार नाही. मंजुरी देणाऱ्याला आधी ‘नॅचरल’ करायला सांगावे. दुसऱ्या कंपन्यांच्या फोनमध्येही असा पर्याय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सापडतो.

छपाईची मर्यादा स्क्रीन बदलून सुटत नाही. २५५, १२८, ० हा झगझगीत नारिंगी चार रंगांच्या ऑफसेटमध्ये आर्ट पेपरवरही मिळत नाही, आणि शुद्ध निळा ०, ०, २५५ कागदावर जांभळट होतो. नाटकांच्या आणि तियात्रांच्या फलकांवर पोपटी व राणी रंगाची जी हौस असते ती छापताना इथेच मार खाते. वाइड गॅमट मॉनिटरचा खरा फायदा असा की कुठला रंग छापून येईल आणि कुठला नाही हे आधी प्रामाणिकपणे दिसते. फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम इथे जाऊन छापखान्याने सांगितलेले प्रोफाइल निवडावे, कंट्रोल-वाय दाबून प्रूफ (छापून कसे दिसेल ते) बघावे, शिफ्ट-कंट्रोल-वाय दाबले की न छापता येणारे रंग राखाडी दिसतात. छापखान्याला ‘प्रोफाइल कुठले आणि (चारही रंग मिळून) एकूण शाई किती टक्के’ हे दोनच प्रश्न विचारावेत. वृत्तपत्राच्या कागदाचा त्रिकोण तर एसआरजीबीहूनही पुष्कळ लहान. त्यामुळे वाइड गॅमट कसा दिसतो हे आपल्या दैनिकात चित्र छापून दाखवायची सोय नाही. शब्दांवरच भागवावे लागते.

दुकानात काय तपासावे? घरून पेन ड्राइव्हवर तीन चित्रे न्यावीत. पहिले स्वतः बनवता येते: डिस्प्ले पी३ मध्ये नवी फाइल उघडून पूर्ण पान २५५, ०, ० ने भरावे, मधोमध २३४, ५१, ३५ चे वर्तुळ काढावे, प्रोफाइल जोडून पीएनजी करावी आणि क्रोममध्ये उघडावी. मॉनिटर वाइड गॅमट असून त्याचे प्रोफाइल बसवलेले असेल तर लालात लाल वर्तुळ दिसते. मॉनिटर एसआरजीबीपुरताच असेल तर सपाट लाल चौकोन. प्रोफाइलच बसवले नसेल तर वाइड गॅमट मॉनिटरवरही वर्तुळ गायब होते, कारण क्रोम त्याला एसआरजीबी समजून दोन्ही लाल एकाच आकड्याला आणून ठेवतो. म्हणून वर्तुळ दिसले नाही तर लगेच माल खोटा ठरवू नये, आधी प्रोफाइल बघावे. आणि चित्र साध्या, प्रोफाइल न वाचणाऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडले तर वर्तुळ सगळीकडेच दिसते, मग त्या चाचणीला अर्थ राहत नाही. दुसरे चित्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा राखाडी उतार. त्यात पट्टे किंवा हिरवी-गुलाबी झाक दिसता कामा नये. तिसरे ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याचा, प्रोफाइल असलेला फोटो. ‘स्टँडर्ड’ आणि ‘एसआरजीबी’ मोडमध्ये तो आळीपाळीने बघावा. दुकानातल्या मॉनिटरवर बहुधा ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिविड’ लावलेले असते, ते आधी काढायला सांगावे.

पॅनेलच्या आतल्या उजेडावर बरेच ठरते. साध्या मॉनिटरात निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर असतो, त्यातून निघणारा लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळलेला, म्हणून त्रिकोण लहान. केएसएफ नावाचा लाल फॉस्फर किंवा क्वांटम डॉटची फिल्म घातली की लाल आणि हिरवा सुटा, धारदार होतो. ओएलईडीत पिक्सेलच उजेड देतो. त्यात पांढरा उपपिक्सेल असलेल्या प्रकारात उजेड वाढला की रंगांचा भडकपणा उतरतो, क्यूडी-ओएलईडीत तो टिकतो.

या धारदार उजेडामुळे मोजमापाचे यंत्रही नीट जुळवावे लागते. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचे कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारे यंत्र) आणि मोफत मिळणारे डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे, पण त्यात पॅनेलच्या प्रकारानुसार ‘करेक्शन’ निवडले नाही तर पांढरा हिरवट किंवा गुलाबी बसतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच मोजावे. पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडाचा ठरलेला पांढरा), गॅमा २.२, उजेड प्रति चौरस मीटर १०० ते १२० कँडेला, छपाईसाठी खोली मंद असेल तर ८०. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. आपल्याकडच्या दमटपणात कलरीमीटर उघड्यावर ठेवू नये. जुन्या यंत्रांतले फिल्टर ओल लागून बिघडत आणि चुकीचे आकडे देत. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे, पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. जुने, पावसाळे काढलेले यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

खोलीही बघावी. गोव्यातल्या घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, तांबड्या असतात, त्या सुंदर दिसतात, पण बसणाऱ्याच्या पाठीमागची पिवळी भिंत स्क्रीनवर पिवळा उजेड टाकते आणि कॅलिब्रेशन वाया जाते. काम करण्याच्या कोपऱ्यापुरती तरी भिंत फिकट राखाडी किंवा साधी पांढरी असावी. मॉनिटर खिडकीला काटकोनात ठेवावा, स्क्रीनच्या समोर खिडकी नको आणि मागेही नको. दिवसाचे ऊन आणि पावसाळी आभाळ यांत उजेडाचा फार फरक पडतो, म्हणून जाड पडदा आणि एकच ठरलेला दिवा बरा.

आता आमचे मत. हिशेब, अभ्यास, सरकारी अर्ज, दुकानाची बिले, फोनवरचे फोटो यांसाठी वाइड गॅमटची गरज नाही. एसआरजीबीचे ९५ टक्क्यांहून जास्त कव्हरेज असलेले साधे आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारे) घ्यावे आणि उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची किंवा यूपीएस घ्यावा. फोटोंवर पोट असलेल्याने एसआरजीबीचे ९९-१०० टक्के आणि चालणारा, उजेड बदलता येणारा एसआरजीबी मोड बघावा, कलरीमीटरसाठी पैसे राखून ठेवावेत. व्हिडिओवाल्याने पी३, छपाई आणि कलाकृतींच्या प्रतिकृतीवाल्याने अडोबी आरजीबी. कलरीमीटरशिवाय घेतलेला वाइड गॅमट मॉनिटर हा आमच्या मते वाईट सौदा. डब्यातून मिळणारा ‘डेल्टा ई (रंगातली चूक मोजणारा आकडा) २ पेक्षा कमी’चा कागदही नीट वाचावा, तो बहुधा एकाच मोडचा असतो आणि दुसऱ्या मोडला लागू नसतो.

राज्यातल्या विक्रेत्यांना विनंती की मॉनिटर किंवा लॅपटॉपसमोरच्या किमतीच्या पाटीवर चार गोष्टी लिहाव्यात: एसआरजीबी, पी३ आणि अडोबी आरजीबीचे कव्हरेज वेगवेगळे, क्षेत्रफळ नव्हे, खरे बिट किती, एसआरजीबी मोडमध्ये उजेड बदलतो की नाही, आणि पॅनेलचा प्रकार. आपल्या जाहिरात विभागाने नुसता ‘१०० टक्के कलर’ छापायला आला तर ‘कशाचे’ एवढे विचारले तरी वाचकांचे भले होईल.

शाळा, महाविद्यालये आणि पंचायती संगणक घेताना निविदेत केवळ इंच आणि रेझोल्यूशन लिहितात. त्यात एक ओळ वाढवावी: ‘आयपीएस पॅनेल, खरे ८ बिट, एसआरजीबी कव्हरेज किमान ९५ टक्के, १९३१ च्या आलेखावर मोजलेले, ४५ टक्के एनटीएससी पॅनेल स्वीकारले जाणार नाही.’ चित्रकला, ग्राफिक्स किंवा माध्यमांचे वर्ग असतील तिथे त्याच निविदेत एक कलरीमीटरही मागवावा. माल उतरवून घेताना त्या कलरीमीटरने लॉटमधले दोन-तीन संच उघडून मोजावेत आणि आकडा जुळला तरच पावतीवर सही करावी.

आपले,
छपाई, छायाचित्रण व व्हिडिओ संकलनाच्या व्यवसायातील काही वाचक,
म्हापसा – पणजी